चाळीसचा आकडा: पाम बीचवरच्या एका टाइम ट्रायलचं प्रकरण

दाजींनी नोव्हेंबरात २० किलोमीटर ३६ मिनिटं २२ सेकंदांत मारले. मग दोन महिने घाम गाळला, हँडलला लावायचे अकरा हजारांचे एअरो बार आणले, हॉलमधल्या ट्रेनरवर (जागच्या जागी सायकल चालवायच्या स्टँडवर) २० मिनिटांच्या चाचणीत २२२ वॅटचे २३४ करून दाखवले. आणि जानेवारीत त्याच रस्त्यावर, त्याच सायकलवर ३६:४१ ला आले. ताकद वाढली, खर्च झाला आणि वेळ १९ सेकंदांनी बिघडली. त्या सकाळी वेळ नोंदवायला मीच उभा होतो आणि नंतर त्यांच्या सायकल कॉम्प्युटरची फाइलही मलाच मिळाली. त्यामुळे हे प्रकरण नीट मांडायची जबाबदारी आपोआप माझ्याकडे आली. बहिणीच्या नवऱ्याच्या चुका काढणं हे आपल्याकडे किती नाजूक काम असतं, ते वेगळं सांगायला नको.

दाजी ४७ वर्षांचे. तुर्भ्याच्या औद्योगिक पट्ट्यातल्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात आहेत, राहायला नेरुळला. वजन ७४ किलो, अॅल्युमिनियमची साधी रोड बाइक बाटल्यांसकट १० किलोच्या आसपास. पाच वर्षांपूर्वी डॉक्टरांनी साखरेचा आकडा दाखवला तेव्हा सायकल घेतली. आता साखर आटोक्यात आहे आणि आकड्यांचं वेड मात्र हाताबाहेर गेलंय.

टाइम ट्रायल म्हणजे एकेकट्याने घड्याळाविरुद्ध सायकल चालवायची शर्यत. एकेका मिनिटाच्या अंतराने एकेक जण सुटतो, कुणाच्याही मागे चिकटून वारा चुकवायचा नाही. इंग्लंडात १८९५ च्या सुमारास ही पद्धत रुजली ती पोलिसांच्या धास्तीने. घोळक्याने शर्यत लावली की तक्रारी होत, म्हणून पहाटे, गडद कपड्यांत, एकेकाला सोडायचं. आमच्याकडे लपवाछपवी नव्हती, पण पहाट मात्र तीच. जानेवारीत नवी मुंबईत सूर्य सातनंतर उगवतो आणि पहिला गडी सहाला सुटतो, त्यामुळे पुढचा पांढरा आणि मागचा लाल दिवा नसेल तर सुरुवातीच्या रेषेवरूनच परत.

मार्ग सगळ्यांच्या ओळखीचा. वाशीच्या टोकाकडून पाम बीच रस्त्याने बेलापूरच्या दिशेने १० किलोमीटर, किल्ला जंक्शनपाशी यू-टर्न, आणि तेवढंच परत. उजव्या हाताला खाडी, खारफुटी, हिवाळ्यात कुठे कुठे फ्लेमिंगो. डावीकडे सानपाडा, नेरुळ, सीवूड्सच्या इमारती. रस्ता सपाट, रुंद आणि म्हणूनच धोकादायक, कारण पहाटे रिकामा पाम बीच दिसला की गाडीवाल्यांच्याही अंगात येतं. प्रत्येक चौकात झेंडा घेतलेला एक स्वयंसेवक, आणि नियम एकच पण कडक: सिग्नल लाल असेल तर पाय टेकायचा. तोडला तर बाद. थांबलेला वेळ वजा होणार नाही. या नियमावर दर वेळी भांडण होतं आणि दर वेळी नियम तसाच राहतो. माझ्या मते तो बरोबर आहे. वेळ वजा मिळायला लागला की लोक सिग्नल शोधायला लागतील, धापा टाकून झाल्यावर मिनिटभर बसायला.

त्या रविवारी गारठा होता. नवी मुंबईच्या मानाने गारठा, म्हणजे लोकांनी कपाटातून कानटोप्या बाहेर काढल्या होत्या. वारा उत्तरेचा. पाम बीच वाशीकडून बेलापूरकडे आग्नेयेला जातो, म्हणजे जाताना हा वारा तिरका का होईना पाठीवर आणि येताना तोंडावर. जोर फार नव्हता. रस्त्याच्या दिशेने, सायकलस्वाराच्या उंचीवर धरला तर ताशी साडेपाच किलोमीटरच्या आसपास. उभ्या माणसाला तो नुसता गार वाटतो.

फाइल काय सांगते? पहिल्या दीड मिनिटात सरासरी ३२० वॅट. जायच्या १० किलोमीटरची सरासरी २४५ वॅट, वेळ १५:०४, वेग ताशी ४०. यू-टर्न धरून परतीची वेळ २१:३७, सरासरी १८५ वॅट, वेग ताशी २८ च्या खाली. आणि सगळ्यात बोलका आकडा: पूर्ण २० किलोमीटरची सरासरी २१० वॅट. नोव्हेंबरात ती २०८ होती. दोन महिन्यांत कमावलेली ताकद शर्यतीत उतरलीच नाही.

दाजींचं पहिलं वाक्य, हेल्मेट काढायच्या आधीच: "अरे, वारा किती होता!"

"दाजी, जाताना तो तुमच्याच पाठीशी होता."

"जाताना कुठे होता? जाताना मी जोरात चालवली म्हणून वेग आला."

सगळं प्रकरण या एका उत्तरात आहे. पाठीवरचा वारा जाणवत नाही. कानात घोंघावत नाही, अंगाला लागत नाही. समोरून लागणारी हवा त्याच्या वेगाइतकी कमी होते, तेवढी शांतता वाढते आणि ती शांतता माणूस स्वतःच्या फॉर्मच्या खात्यावर जमा करतो. दाजींच्या स्क्रीनवर सगळ्यात मोठ्या अक्षरांत वेग होता. सारसोळ्याच्या आधीच त्यांना ४० दिसला. आयुष्यात सपाट रस्त्यावर कधी टिकवून न धरलेला ४०. मग तो ४० राखणं हाच त्या सकाळचा धर्म होऊन बसला. तो ३९ झाला की पाय दाबायचा. वॅटचा आकडा खालच्या कोपऱ्यात होता आणि २४० ते २५० मध्ये खेळत होता, पण तिकडे लक्ष कुणाचं?

त्यांच्या चाचणीचे २३४ वॅट नेहमीच्या रिवाजाने ०.९५ ने गुणले तर उंबरठा येतो साधारण २२२. या उंबरठ्याच्या खाली माणूस बराच वेळ तग धरतो. वर गेलं की एक ठरावीक शिल्लक खर्च होऊ लागते. हौशी सायकलस्वारात ती बहुधा १० ते २५ किलोज्यूलच्या दरम्यान असते, म्हणजे पोटात टाकलेल्या अर्ध्या केळ्याशी तिचा काही संबंध नाही, ती स्नायूंतली तातडीची पुंजी आहे. दाजींनी २४५ ने चालवली म्हणजे उंबरठ्याच्या वर २३ वॅट, १५ मिनिटं. गुणाकार केला तर जवळपास २१ किलोज्यूल. खिसा रिकामा झाला तो नेमका किल्ला जंक्शनला. हृदयाचे ठोके चौथ्या किलोमीटरलाच १७१ होते. सुरुवातीला ते मागे राहतात, दोन-तीन मिनिटांनी खरं सांगायला लागतात, आणि तोवर ३२० वॅटची मौज करून झालेली असते.

यू-टर्नवर महापालिका मुख्यालयासमोरचा उंच राष्ट्रध्वज आहे. तो त्या सकाळी उलव्याच्या दिशेने ताणून फडकत होता. वळणावर उभ्या असलेल्या पोराने सांगितलं की तिथे आलेल्यांपैकी चार-पाच जणांनी मान वर करून पाहिलं. दाजींनी पाहिलं नाही. ते मोठ्या गीअरमध्येच वळले, वेग तुटला, उभं राहून पेडल ओढावे लागले. तिथे पाच-सहा सेकंद गेले असतील. ते सोडून देऊ.

आता एअरो बार. हे बार हँडलवर पुढे बसतात, त्यावर कोपरं टेकून हात जुळवले की छाती खाली येते आणि वाऱ्याला आडवं येणारं अंग कमी होतं. दाजींच्या वेगाला त्यांची चार हिश्शांपैकी तीन हिस्से ताकद नुसती हवा बाजूला सारण्यात जाते. त्यामुळे पैसे वाया गेले असं मी म्हणणार नाही. सायकलवर ताकद न वाढवता वेळ कमी करणारी याहून स्वस्त वस्तू क्वचितच मिळेल. पण दाजींनी बार बसवले गुरुवारी रात्री. शर्यत रविवारी. उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग.

विषय निघाला की ते ग्रेग लेमाँडचं उदाहरण देतात. १९८९ च्या टूर द फ्रान्समध्ये शेवटच्या दिवशी व्हर्सायहून पॅरिसपर्यंत साडेचोवीस किलोमीटरची टाइम ट्रायल होती, लेमाँड ५० सेकंदांनी मागे होता, समोर लोराँ फिन्यों. लेमाँडने असेच बार लावले आणि ५८ सेकंद वसूल करून अख्खी टूर ८ सेकंदांनी जिंकली. गोष्ट खरी आहे. फक्त त्याच टूरच्या पाचव्या टप्प्यात, दिनार ते रेनच्या ७३ किलोमीटरच्या टाइम ट्रायलमध्ये तो याच प्रकारचे बार लावून जिंकून बसला होता, हा भाग दाजी सांगत नाहीत. पॅरिसला पोचेपर्यंत त्याच्या पाठीला त्या बसणीची सवय झाली होती.

दाजींची पाठ बाराव्या किलोमीटरला बोलू लागली. फाइलमध्ये पाठ दिसत नाही, पण वाटेतल्या फोटोंत दिसते. जाताना ते सगळ्या फोटोंत खाली वाकलेले, कोपरं आत, अगदी देखणे. परतीच्या फोटोंत एअरो बार सोडून हूड, म्हणजे ब्रेकच्या मुठी, धरून सरळ बसलेले, छाती शिडासारखी उघडी. म्हणजे पाठीवर वारा होता तेव्हा अंग चोरलं आणि तोंडावर आला तेव्हा त्याच्यासमोर दार उघडून बसले.

याचा हिशेब मी घरी मांडला. माणूस-सायकलचं वजन, रस्त्याचं घर्षण, हवेची घनता, वाऱ्याचा अंदाज असं सगळं धरून. पहिल्यांदा दोन्ही दिशांना सारखे २१५ वॅट धरून पाहिले, म्हणजे उंबरठ्याच्या किंचित खाली. नवे बार न वापरता, नोव्हेंबरसारखं ड्रॉप, म्हणजे हँडलचं खालचं वळण, धरून, त्याच वाऱ्यात वेळ पावणेछत्तीस ते छत्तीस मिनिटांच्या मध्ये येते. वाकलेली बसण पूर्ण वेळ टिकली असती तर ३५ च्या आतबाहेर. पुढे बघितलं की ही बसण निम्म्याच वाटेला जमणार असेल तर ती कुठे वापरावी? जाताना वापरली तर साधारण २४ सेकंद वाचतात, येताना वापरली तर ३६. समोरून येणाऱ्या वाऱ्यात हवेचा जोर जास्त आणि त्या वाऱ्यात घालवायचा वेळही जास्त, म्हणून फायदा दुहेरी. दाजींनी नेमकं स्वस्त टोक निवडलं.

तिसरी गोष्ट मलाच अनपेक्षित होती. अशा वेळी शहाणी मंडळी सांगतात की वारा पाठीवर असताना थोडं हात राखून चालवा, तोंडावर असताना थोडं जास्त लावा. मी २०५ जाताना आणि २२५ येताना असं धरून पाहिलं. सारख्या ताकदीच्या तुलनेत फायदा किती? ७ सेकंद. दाजींनी नंतर हाच मुद्दा उचलला, "बघ, वाऱ्याप्रमाणे चालवून काय मोठा तीर मारला असता?" बरोबर आहे. त्यांना वाऱ्याच्या बारीक गणिताने मारलंच नाही. वाऱ्याने फक्त खोटा आकडा दाखवला, आणि त्या आकड्याच्या मागे लागून त्यांनी पुंजी उधळली. ती घाई वारा नसता तर झाली नसती, असंही म्हणता येईल. मी म्हणणार नाही. नोव्हेंबरच्या फाइलमध्येही पहिलं दीड मिनिट २९० ने आहे.

तुलनेला एक जण होती, म्हणून हे सगळं इतक्या खात्रीने बोलता येतं. दाजींच्या मागे एका मिनिटाने कामोठ्याची एक तरुणी सुटली. वय विशीतलं, वजन दाजींपेक्षा बरंच कमी, आणि याच बसणीवर वर्षभर सराव केलेली. तिची सरासरी १७८ वॅट. दाजींपेक्षा ३२ ने कमी. जायची वेळ १६:०५, यायची १८:४५, एकूण ३४:५०. जाताना १६९ वॅट, येताना १८५ च्या आसपास. बेलापूरला ती दाजींपेक्षा मिनिटभर हळू होती, सुटण्यातलं मिनिट धरलं तर रस्त्यावर दोन मिनिटं मागे. परतीच्या सातव्या किलोमीटरला, मोराज सर्कलच्या अलीकडे, तिने त्यांना गाठलं. "काका, डावीकडून," असं काहीतरी म्हणाली आणि गेली. दाजी म्हणतात ते "दादा" होतं.

परतीला दोघांचे वॅट जवळजवळ सारखे होते हे लक्षात घ्या. १८५ ला तिचा वेग ताशी ३२, यांचा २८ च्या खाली. मधले चार किलोमीटर वजन, बसण आणि सराव यांनी खाल्ले. तिला विचारलं की जाताना वारा पाठीवर असूनही हात कसा राखला. ती म्हणाली तिच्या स्क्रीनवर वेग नसतोच.

पुढच्या पाच आठवड्यांत केलेल्या गोष्टी फार नव्हत्या. बार दोन सेंटिमीटर वर घेतले, कोपरांच्या गाद्या थोड्या लांब केल्या. चित्रातल्यासारखं खाली वाकून १० मिनिटं टिकण्यापेक्षा बोटभर वर बसून ३५ मिनिटं टिकलेलं बरं, हे पटवायला दोन संध्याकाळी आणि ताईच्या हातचे कांदेपोहे लागले. ट्रेनरसमोर आरसा ठेवून आधी दहा-दहा मिनिटांच्या तीन फेऱ्या, मग वीस मिनिटांची एक. पहिल्या आठवड्यात वाकलेल्या बसणीत २१५ निघेचनात, २०० ला मांड्या पोटाला लागत आणि श्वास अडके. नवी बसण घेतली की कमरेतला कोन बदलतो आणि काही काळ ताकद कमी निघते. हे जानेवारीतही झालं असणार, पण तेव्हा २४५ च्या धुंदीत कळलं नाही. चौथ्या आठवड्यात आकडा परत आला.

सुरुवातीला बंधन घातलं, पहिली दोन मिनिटं २०० च्या वर जायचं नाही. रांगेत थंडीत अर्धा तास उभं राहण्याऐवजी सुटायच्या आधी सेक्टरातल्या आतल्या रस्त्यांवर वीस मिनिटं सायकल फिरवून अंग गरम करायचं. आणि सगळ्यात मोठा तंटा स्क्रीनचा. वेगाचा रकाना काढून टाकायचा म्हटल्यावर दाजी आठवडाभर माझ्याशी तुटक बोलत होते. "मग सायकल चालवण्यात मजा काय?" हा त्यांचा प्रश्न. शेवटी ताईनेच एके रात्री सेटिंग बदलून टाकलं आणि पासवर्ड बदलल्यासारखी सांगायला नकार देऊन बसली. स्क्रीनवर उरले वॅट आणि गेलेला वेळ.

फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी वारा जवळजवळ नव्हता. त्यामुळे जानेवारीशी सरळ तुलना करता येणार नाही, हे आधीच मान्य करतो. झेंडा खांबाला लटकलेला होता. दाजींनी या वेळी मान वर करून पाहिला, तसं वळणावरच्या पोराने मुद्दाम फोन करून कळवलं. जाताना २१३ वॅट, येताना २१७. शेवटच्या फोटोत मान थोडी उचललेली आहे, पण कोपरं गादीवरच.

आणि परतीला अक्षर चौकात सिग्नल लाल झाला. समोरून बस वळत होती. झेंडेवाल्या मुलीने शिट्टी मारायच्या आधीच दाजींनी पाय टेकला. कॉम्प्युटर सांगतो, २१ सेकंद. हिरवा पडला, निघाले, आणि रेषेवर माझ्या घड्याळात ३५:१६.

ते उतरले ते थेट माझ्याकडे. कॉम्प्युटर पुढे धरला. चाकं फिरत होती तेवढाच वेळ मोजणाऱ्या रकान्यात ३४:५५ होते.

"नियम काय आहे ते माहीत आहे ना दाजी तुम्हाला?"

"माहीत आहे म्हणून तर थांबलो."

मी वहीत ३५:१६ लिहिलं. थांबण्यात फक्त २१ सेकंद जात नाहीत, वेग मोडून पुन्हा उभा करायला आणखी काही सेकंद लागतात. उलट २१ सेकंद पायांना विसावाही मिळतो आणि पुढचे दोन किलोमीटर त्यांनी २२५ च्या वर मारले होते. सिग्नल नसता तर नेमकी किती वेळ आली असती, हे दोन्ही बाजू धरून मी दोनदा मोजून पाहिलं. ३५ च्या खालीच येतं, पण किती खाली ते दर वेळी वेगळं.

नेरुळच्या घरी स्वयंपाकघराच्या दाराला कालनिर्णय लटकलेलं आहे. त्या रविवारच्या चौकोनात निळ्या पेनाने, ठळक, ३४:५५ लिहिलंय. खाली दुधाच्या हिशेबाशेजारी ताईच्या अक्षरात पेन्सिलीने: "अधिक सिग्नल २१."